रात्री दोनचं रीडिंग

ऑफिसच्या इमारतीचं एनर्जी ऑडिट असलं की मी एक चक्कर रात्री मारतोच. गेल्या उन्हाळ्यात पुण्यातल्या एका पाच मजली इमारतीत दोन वाजता पोचलो. वॉचमनकाका म्हणाले, "साहेब, वर कुणीच नाही." मुख्य पॅनेलला क्लॅम्प मीटर लावला, तर ३८ किलोवॉट! सर्व्हरचं समजू शकतो. पण तिसऱ्या मजल्यावर एसीचा भलामोठा ब्लोअर रिकाम्या खुर्च्यांना वारा घालत होता. टायमर बिघडला तेव्हा कुणीतरी वायरचा तुकडा जोडून तो बायपास केला आणि विसरून गेला.

मग वर्षभराची बिलं घेऊन बसलो. ९ लाख युनिट भागिले ५००० चौरस मीटर, म्हणजे १८०. हा इमारतीचा ऊर्जा निर्देशांक. बीईई, म्हणजे केंद्र सरकारचा ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो, कार्यालयांना तारे देते ते याच आकड्यावरून, मात्र हवामान आणि वातानुकूलित भाग किती, हे पाहून.

थर्मोस्टॅट १८ वर होता. एक अंश वाढवला तर साधारण ६ टक्के वीज वाचते, असं बीईई सांगते. मी २४ केला. दुपारी पाहिलं तर पुन्हा १८, आणि बटणांवर सेलोटेप! खुर्चीला स्वेटर मात्र अडकवलेले.