धुराड्यांची नोंद

धुराड्यांची नोंद : कारखान्यातून हवेत जाणाऱ्या प्रदूषकांचा हिशेब मांडण्यासाठी प्रत्येक धुराड्याविषयी (चिमणीविषयी) ठेवण्यात येणारी माहिती. तीत धुराड्याचे स्थान, जमिनीपासूनची उंची, आतील व्यास, त्याला जोडलेली भट्टी वा बाष्पित्र, इंधनाचा खप आणि बाहेर पडणाऱ्या वायूचे तापमान व वेग यांचा समावेश होतो. हवा (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९८१ अन्वये महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ देत असलेली संमती अशाच माहितीवर आधारलेली असते.

यवतमाळ जिल्ह्यातील मारेगाव तालुका मुख्यत्वे शेतीचा आहे, परंतु शेजारच्या वणी तालुक्यात कोळशाच्या खाणी व राजूर येथे चुनाभट्ट्या असून वर्धा नदीपलीकडे चंद्रपूरचे औष्णिक विद्युत् केंद्र (क्षमता २,९२० मेवॉ.) आहे. अशा टापूत हवेतील धूळ नुसती मोजून ती कोणाची हे कळत नाही, कारण खाणी व रस्ते यांची धूळही तीत मिसळलेली असते. प्रत्येक उगमाचा वाटा ठरविण्यास धुराड्यांच्या नोंदीच उपयोगी पडतात.

या नोंदींत व्यासाचे महत्त्व सर्वाधिक आहे. आतील व्यास १ मी., वेग सेकंदास १२ मी. व तापमान १५०° से. असल्यास सेकंदास सु. ९.४ घ. मी. वायू बाहेर पडतो. २५° से. तापमानास तो सु. ६.६ घ. मी. भरतो (बाष्पाची वजावट येथे धरलेली नाही). त्यात दर घ. मी.ला १०० मिग्रॅ. धूलिकण असल्यास दिवसाचे उत्सर्जन सु. ५७ किग्रॅ. होते. आतील अस्तर विसरून बाहेरचा १.२ मी. व्यास लिहिला, तर तोच आकडा ८३ किग्रॅ.च्या घरात जातो. तापमानाची दुरुस्ती राहून गेल्यासही जवळजवळ तितकीच चूक होते. प्रत्यक्षात एकही कण कमीजास्त झालेला नसतो.

वेग व धूलिकण मोजण्याचे छिद्र धुराड्याच्या सरळ भागात, खालच्या वळणापासून व्यासाच्या आठपट वर आणि वरच्या अडथळ्यापासून दुप्पट खाली असावे लागते. नमुना नळीत वायू मूळ प्रवाहाच्याच वेगाने ओढावा लागतो; तो सावकाश ओढल्यास जड कण प्रमाणाबाहेर गोळा होतात.

लहान बाष्पित्राच्या धुराड्याची उंची इंधनातील गंधकावरून ठरवितात. दर तासाला उत्सर्जित होणाऱ्या सल्फर डाय-ऑक्साइडाच्या किग्रॅ.मधील आकड्याचा ०.३ वा घात घेऊन त्यास १४ ने गुणतात. मात्र उंची ११ मी.पेक्षा कमी चालत नाही. तासाला ०.५% गंधकाचा २ टन कोळसा जळत असल्यास हा वायू २० किग्रॅ. निघतो व उंची सु. ३४ मी. येते, कोळसा ४ टन झाल्यास ती सु. ४२ मी. लागते. खप कमी दाखविला की धुराडे ठेंगणे राहते आणि धूर जवळच्या वस्तीवर उतरतो. उंच धुराड्याने प्रदूषकाची राशी घटत नाही, ती दूरवर पसरते एवढेच. म्हणून उंचीची नोंद उत्सर्जनाच्या मापनाची जागा घेऊ शकत नाही.

उघड्या तोंडाच्या जुन्या पद्धतीच्या चुनाभट्टीस व्यास व वेग मोजण्याजोगे धुराडेच नसते. तिचे उत्सर्जन जाळलेल्या कोळशावरून व भाजलेल्या चुनखडीवरून अजमावतात. हा अंदाज मापनाइतका विश्वसनीय नसल्याने तो तसा स्पष्ट नमूद करणे आवश्यक असते.