स्वमग्नतेचे निदान

स्वमग्नता ही मेंदूच्या विकासाशी निगडित, बालपणी प्रकट होणारी व आयुष्यभर राहणारी अवस्था होय. ती निश्चित करणारी रक्ताची अथवा मेंदूच्या चित्रणाची कसोटी नाही. मुलाच्या वर्तनाचे निरीक्षण आणि मातापित्यांकडून मिळणारा विकासाचा वृत्तांत यांवरूनच निदान होते.

स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑइगेन ब्लॉइलर यांनी १९११ च्या सुमारास ‘ऑटिझम’ ही संज्ञा छिन्नमनस्कतेच्या म्हणजेच स्किझोफ्रेनियाच्या एका लक्षणासाठी योजिली. लीओ कॅनर यांनी १९४३ मध्ये अकरा मुलांची वर्णने प्रसिद्ध केली. तथापि अमेरिकन मनोविकार संघटनेच्या वर्गीकरणात या विकाराला स्वतंत्र स्थान मिळाले ते १९८० मध्ये. लोकव्यवहारात ही गल्लत अद्याप टिकून आहे. पुणे परिसरात ‘येरवडा’ हे नाव तेथील प्रादेशिक मनोरुग्णालयामुळे वेडाशी जोडले गेले आहे. त्या धास्तीने मनोविकारतज्ज्ञाचे नाव काढताच पालक कचरतात आणि ‘मुलगे उशिराच बोलतात’ या समजुतीवर मोलाची वर्षे निघून जातात.

याच संघटनेच्या २०१३ च्या निकषांनुसार परस्पर देवाणघेवाण, नजर व हावभाव आणि नाती जुळविणे या तिन्ही बाबतींत उणीव आढळावी लागते. शिवाय पुनरावृत्त व संकुचित वर्तनाच्या चार प्रकारांपैकी किमान दोन असावे लागतात. वर्षाचे मूल हाकेला वळत नाही, दीड वर्षाचे झाले तरी हवी ती वस्तू बोटाने दाखवीत नाही, ही आरंभीची चिन्हे होत. ऐकलेलेच बोल परतविण्याची प्रवृत्ती मराठीत क्रियापदावरूनही ओळखू येते. ‘जेवलास का?’ असे विचारता मूल ‘जेवलो’ न म्हणता ‘जेवलास’ असेच म्हणते. म्हणून तपासणी घरच्या भाषेत होणे अगत्याचे असते. एखादे लक्षण मात्र पुरेसे नसते. हाकेला न वळणाऱ्या मुलाची श्रवणचाचणी प्रथम करावी लागते. बौद्धिक अक्षमता स्वमग्नतेसोबतही असू शकते, म्हणून तिचे मापन स्वतंत्रपणे करतात.

सिकंदराबाद येथील राष्ट्रीय संस्थेने तयार केलेल्या भारतीय श्रेणीत ४० बाबींना प्रत्येकी १ ते ५ गुण देतात. बेरीज ७० हून कमी असल्यास स्वमग्नता नाही असे मानतात. ७० ते १०६ सौम्य, १०७ ते १५३ मध्यम व त्यापुढे तीव्र. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये स्वमग्नतेचा समावेश झाला असून प्रमाणपत्रासाठी ही श्रेणी वापरतात. हुशार व बोलकी मुले, विशेषतः इतरांचे अनुकरण करून निभावून नेणाऱ्या मुली, अशा गुणांकनातून निसटण्याचा संभव असतो. त्यांचे निदान कित्येकदा प्रौढपणी होते.