लोखंडाच्या कामावर

मोताळ्याहून मलकापूरकडे निघाले की रस्त्याच्या कडेला पत्र्याच्या मोठमोठ्या शेडी दिसतात. कुठे जिनिंग, कुठे मक्याचे गोदाम. एस.टी.च्या खिडकीतून आपण त्या पाहतो आणि विसरतो. मीही विसरत असे. परंतु गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत फीची सोय करण्यासाठी मामांच्या टोळीबरोबर अशाच एका शेडच्या कामावर गेलो आणि लोखंडाकडे पाहण्याची माझी दृष्टीच बदलली. कला शाखेच्या विद्यार्थ्याने लोखंडावर लिहावे, याचे कुणास नवल वाटेल. पण जे काम आपल्या घरची माणसे करतात ते आपल्याला ठाऊक नसावे, हे अधिक नवलाचे नाही काय?

लोखंडी शेड म्हणजे खांब, त्यांवर कैच्या, कैच्यांवर आडवे पाइप आणि त्यांवर पत्रे. पायाच्या काँक्रीटमध्ये आधीच बोल्ट पुरलेले असतात. त्यांवर खांबाची बेसप्लेट बसवून नट आवळतात. त्यानंतर हायड्रा क्रेनने कैची उचलून दोन खांबांच्या माथ्यावर ठेवतात. वर बसलेला माणूस पान्याच्या टोकाने भोके जुळवतो आणि बोल्ट घालतो. सांगायला एवढेच. करायला मात्र ज्ञान लागते.

पहिले ज्ञान वजनाचे. उचलण्यापूर्वी वजन कळलेच पाहिजे. सळईचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्यावा, त्याचा वर्ग करावा, १६२ ने भागावे. एका मीटरचे वजन किलोत मिळते. १२ मिलिमीटरची सळई मीटरला सुमारे ८९० ग्रॅम भरते. एक चौरस मीटरची १० मिलिमीटर जाड प्लेट साडेअठ्ठ्याहत्तर किलोची. मामा चौथी शिकलेले आहेत. हे हिशेब ते तोंडी करतात. मला कागद लागत असे.

दुसरे ज्ञान उन्हाचे. लोखंड तापले की वाढते. एक मीटर लोखंड एका अंशाला ०.०१२ मिलिमीटर वाढते. हे काहीच नाही असे वाटेल. पण ३० मीटर लांबीला ३० अंशांचा फरक पडला की ती वाढ सुमारे ११ मिलिमीटर होते. म्हणून लांब शेडीत काही ठिकाणी गोल भोकांऐवजी लांबट भोके ठेवतात. खांब एका बाजूने तापला तर किंचित वाकतोही. त्यामुळे ओळंबा लावायचा तो सकाळी, ऊन चढण्याच्या आत.

तिसरे ज्ञान सर्वांत महत्त्वाचे, ते क्रमाचे. चार लाकडी पट्ट्या कोपऱ्यांत एकेक खिळा ठोकून चौकोनी जोडा आणि बाजूने ढकला, चौकट कलंडेल. आता कोपऱ्यातून कोपऱ्यात एक तिरपी पट्टी ठोका. चौकट हलणार नाही. चौकोनाचे त्रिकोण झाले, आणि बाजूंची लांबी बदलल्याशिवाय त्रिकोणाचा आकार बदलत नाही. शेडीत हेच काम तिरपे अँगल करतात. म्हणून पहिला गाळा उभा झाला की तो तिरप्या अँगलांनी पक्का बांधायचा आणि पुढचे गाळे त्याच्या आधाराने जोडत न्यायचे. पुरी झालेली शेड आपल्या बळावर उभी राहते. अर्धवट शेड मात्र टोळीच्या शहाणपणावर उभी असते.

हे मला कळले ते कामाच्या पाचव्या दिवशी. दोन कैच्या चढल्या होत्या. क्रेनचे भाडे तासावर होते, त्यामुळे कंत्राटदार म्हणाला, "आधी सगळ्या कैच्या चढवून घ्या, तिरपे अँगल मागाहून बसवा." मामांनी नकार दिला. क्रेन परत गेली आणि आम्ही अँगल बांधत बसलो. सायंकाळी त्याने साऱ्या टोळीची अर्धी हजेरी कापली. मी मनातून मामांवरच चिडलो. माझ्या फीचे पैसे होते ते.

दुसऱ्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास पश्चिमेकडून धूळ उठली. आम्ही भराभर खाली उतरलो. वळवाचा वारा इतका जोराचा की जमिनीवरचे पत्रे उडून शेतात गेले. वर दोन्ही कैच्या थरथरत होत्या, पण जागच्या हलल्या नाहीत. वारा ओसरल्यावर मामा एवढेच म्हणाले, "पोरा, उभं केलेलं लोखंड अन् बांधलेलं लोखंड सारखंच दिसते. फरक वाऱ्याले कयते."

पुढे वाचनात क्वेबेकच्या पुलाची हकिकत आली. कॅनडातील सेंट लॉरेन्स नदीवर हा अजस्र लोखंडी पूल बांधला जात होता. पुलाचे स्वतःचे वजन हिशेबात कमी धरले गेले होते. खालचे काही भाग वाकू लागल्याचे कामावर दिसलेही होते. अधिक भार घालू नका, हा सल्लागार इंजिनियरचा निरोप कामाच्या जागी वेळेवर पोचला नाही. २९ ऑगस्ट १९०७ रोजी अर्धवट पूल कोसळला आणि ७५ कामगार मेले. त्यांत ३३ जण काहनावाके या एकाच गावचे मोहॉक आदिवासी होते. वाचताना मला आमची कापलेली अर्धी हजेरी आठवली. "थांबा" म्हणणे हा या धंद्यातील सर्वांत मोठा कसब आहे, आणि रोजंदारीत त्याचीच किंमत कामगाराच्या खिशातून जाते.

मुंबईत काळा घोड्याजवळ वॉटसन हॉटेलची जुनी इमारत आहे. तिचा बिडाचा सांगाडा १८६० नंतरच्या दशकात इंग्लंडहून जहाजाने आला आणि येथे जोडला गेला. आराखडा करणाऱ्या रोलंड मेसन ऑर्डिशचे नाव पुस्तकात सापडते. बोल्ट कुणी आवळले, हे आपण विचारतही नाही.

नावाचा प्रश्न आजही आहे. १९९६ साली संसदेने बांधकाम कामगारांसाठी कायदा केला. बारा महिन्यांत किमान ९० दिवस काम केलेल्या, १८ ते ६० वयाच्या कामगाराने नोंदणी करावी आणि बांधकामावरील उपकरातून त्याला मदत मिळावी, अशी त्यात तरतूद झाली. आमच्या टोळीत अकरा जण होते. नोंदणी फक्त दोघांची. इतरांपाशी कामाचा दाखला नव्हता आणि अर्ज कसा भरावा हे ठाऊक नव्हते. मजुरी बुडवून खेटे घालणे कुणालाच परवडत नव्हते.

सुटी संपण्यापूर्वी मी मामांचा अर्ज भरून दिला. पुढे आणखी चौघांचे भरले. फार वेळ लागला नाही. मित्रहो, आपल्यापैकी अनेकांच्या घरी वडील, काका, मामा अशाच कामांवर जातात. त्यांच्यासारखे कैचीवर चढणे आपल्याला जमेलच असे नाही. पण त्यांचे नाव नोंदवहीत चढवणे तर आपल्या हातचे आहे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या पुढील शिबिरात एक दिवस या कामासाठी ठेवावा, अशी प्राध्यापकांना माझी नम्र विनंती आहे.