जुन्या पिकअपची उंची : किती आणि कशासाठी?

आपल्या मंडळींत गाडीचा विषय निघाला की तो बहुधा मायलेज, वॉरंटी आणि विकताना येणारी किंमत या तीन मुद्द्यांत संपतो. त्यामुळे आमच्या चिरंजीवांनी उन्हाळी नोकरीच्या पैशांतून १९९४ सालचा टोयोटाचा पिकअप ट्रक दारात आणून उभा केला, तेव्हा घरात शांतता पसरली. चार सिलिंडरचे इंजिन, हाताने बदलायचे पाच गिअर, चारही चाकांना शक्ती देण्याची सोय आणि वय चिरंजीवांपेक्षा कितीतरी जास्त. त्याचे पुढचे वाक्य तयारच होते. "बाबा, हिला सहा इंच लिफ्ट करायचं आणि तेहतीसचे टायर बसवायचे."

मी लगेच नाही म्हणालो नाही. "नाही" हा शब्द सतरा वर्षांच्या मुलाच्या कानापर्यंत पोचत नाही, हा अनुभव. पण त्याच आठवड्यात पावसात एका उतारावर त्याने जरा जोरात ब्रेक दाबला आणि पुढची दोन्ही चाके जागच्या जागी थांबून गाडी तशीच घसरत चौकापर्यंत गेली. समोर कोणी नव्हते म्हणून निभावले. मी शेजारीच बसलो होतो. घरी येऊन गाडीखाली शिरलो तेव्हा दिसले, की आधीच्या मालकाने मागची बाजू तीन इंच उचलून ठेवली होती. या उचलण्याचा आणि त्या घसरण्याचा संबंध पुढे येईलच. त्या दिवसापासून मात्र "उंची किती" हा प्रश्न हौसेचा राहिला नाही. आम्ही दोघांनी वही घेऊन तो मुळापासून सोडवायचा ठरवले. इथे कोलोरॅडोत आणि इतरत्रही आपल्या कित्येकांची मुले या वयात येत आहेत, म्हणून तो हिशेब इथे मांडतो.

लिफ्टने नेमके काय वर जाते?

बहुतेकांची समजूत अशी, की लिफ्ट केली की गाडी दगडधोंड्यांवरून सहज निघते. हे अर्धेच खरे आहे. सस्पेन्शन लिफ्ट म्हणजे चाकांचा आस आणि गाडीची चौकट यांच्यातले अंतर वाढवणे. चौकट, केबिन, इंजिन वर जातात. मागचा आस आणि त्याच्या मध्यावरचा डिफरन्शियलचा गोळा मात्र होता तिथेच राहतो. दगडावर आपटणारा सर्वांत खालचा भाग बहुधा हा गोळाच असतो. त्याला वर उचलू शकतो फक्त टायर, आणि तोही व्यासातल्या वाढीच्या निम्म्यानेच.

आमच्या गाडीला २२५/७५ आर १५ मापाचे टायर होते. हे माप वाचणे सोपे आहे. टायरची रुंदी २२५ मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ७५ टक्के आणि रिंगेचा व्यास १५ इंच. दोन भिंती आणि रिंग यांची बेरीज केली की टायरचा व्यास २८.३ इंच येतो. त्याजागी ३१ इंची टायर बसवला तर डिफरन्शियल सुमारे १.३५ इंच वर जाते, ३३ इंची बसवला तर २.३५ इंच. सहा इंचांच्या लिफ्टने ते वर जाते शून्य इंच!

मग लिफ्ट कशाला? एक तर मोठा टायर वळताना आणि खड्ड्यात वर येताना मडगार्डला घासू नये म्हणून जागा लागते. दुसरे म्हणजे गाडीचे नाक, पोट आणि शेपटी चढउतारावर टेकू नयेत म्हणून. म्हणजे उंची हे साधन आहे, साध्य नव्हे. आधी टायर ठरवावा आणि त्याला पुरेल तेवढीच उंची घ्यावी. प्रत्यक्षात बहुतेक लोक उलटा क्रम लावतात. आधी उंची ठरते आणि मग त्या उंचीला शोभतील असे टायर शोधले जातात.

टायर कोणता?

त्याआधीचा प्रश्न, जायचे कुठे? चिरंजीवांच्या यादीत सर्वांत वर होती लेक सिटी, सिल्व्हरटन आणि यूरे यांना जोडणारी ६५ मैलांची अल्पाइन लूप आणि तिच्यावरची सुमारे १२,८०० फुटांवरची इंजिनियर पास ही खिंड. (नावामुळे माझाही विरोध मावळला.) उन्हाळ्यात या वाटेने जमिनीपासून पुरेशा उंच आणि लो रेंज गिअर असलेल्या गाड्या कारखान्यातून आल्या तशा जातात. तिथे सहा इंच लिफ्टची गरज नसते. गरज असते चांगल्या टायरची आणि जपून चालवणाऱ्याची.

टायरचे मुख्यतः दोन प्रकार आपल्या कामाचे. मड टेरेन म्हणजे चिखलाचे टायर. त्यांचे ठोकळे मोठे आणि फटी रुंद, त्यामुळे चिखल आपोआप झटकला जातो. पण हमरस्त्यावर ते घोंघावतात, लवकर झिजतात, आणि ओल्या डांबरावर किंवा बर्फाच्या गुळगुळीत थरावर त्यांची पकड कमी पडते, कारण ठोकळ्यांवर बारीक चिरा फारशा नसतात. ऑल टेरेन टायर मधल्या मार्गाचे. ज्याची गाडी दहापैकी नऊ दिवस कॉलेजच्या रस्त्यावर धावणार, त्याने हेच घ्यावेत. त्यातही तीन शिखरांच्या चित्रात हिमकण असलेली खूण पाहून घ्यावी. ती खूण म्हणजे तो टायर बर्फावरील पकडीच्या ठराविक चाचणीत उतरलेला आहे. आमच्याकडे आय-७० महामार्गावर डॉट्सेरो ते मॉरिसन या पट्ट्यात सप्टेंबर ते मे टायरच्या नक्षीची खोली निदान ३/१६ इंच असावी लागते, मग गाडी चारही चाकांना शक्ती देणारी असली तरीही.

जुनी गाडी घेताना टायरचे वय पाहायला विसरू नये. टायरच्या कडेला डीओटी या अक्षरांनी सुरू होणारा क्रमांक असतो, त्याचे शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष. २३१५ म्हणजे २०१५ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी कोरी दिसली तरी रबर आतून कडक होत जाते. अनेक मोटार कंपन्या सहा वर्षांनंतर टायर बदलायला सांगतात, आणि दहा वर्षांपुढे तर कोणीच वापरू नये. आमच्या गाडीचे टायर नक्षीने तरुण आणि वयाने आजोबा निघाले. त्या दिवशीच्या घसरण्यात त्यांचाही हात होताच. स्टेपनीचे वयही पाहावे, ती तर बहुधा गाडीच्या वयाचीच असते.

मोठ्या चाकाचा भुर्दंड

सायकलचे मागचे चाक मोठे केले तर पायडल मारायला जड जाईल. इथेही तेच होते. ३१ भागिले २८.३ म्हणजे सुमारे १.०९५. हा एक आकडा लक्षात ठेवला की बाकीचे हिशेब आपोआप सुटतात.

स्पीडोमीटर चाकाच्या फेऱ्या मोजतो, मैल नव्हे. त्यामुळे काटा ६० दाखवील तेव्हा गाडी जवळजवळ ६६ ने पळत असेल. पोलिसाला हे गणित समजावण्यापेक्षा स्पीडोमीटर जुळवून घेणे स्वस्त पडते.

गिअरचेही तसेच. आमच्या आसातला गिअर ४.१० चा. मोठ्या टायरने तो ३.७४ असल्यासारखा वागेल. मूळचा जोर परत हवा असेल तर ४.१० गुणिले १.०९५ म्हणजे सुमारे ४.४९ हवा, आणि मिळणाऱ्यांतला जवळचा म्हणजे ४.५६. तेहतीसच्या टायरला ४.८८ लागेल. गाडीला दोन डिफरन्शियल असल्यामुळे पुढे-मागे दोन्हीकडे एकाच प्रमाणाचे गिअर लागतात, म्हणजे खर्च दुप्पट. आमच्या २२ आर-ई इंजिनची ताकद ११६ अश्वशक्ती, तीही समुद्रसपाटीला. दर हजार फुटांमागे साध्या इंजिनाची ताकद सुमारे तीन टक्के घटते, म्हणजे दहा हजार फुटांवर जवळपास तीस टक्के गेलेली असते. तिथे वर तेहतीसचे चाक लावणे म्हणजे दमेकऱ्याच्या डोक्यावर बोचके देणे.

तिसरा भुर्दंड ब्रेकचा. ब्रेक तेच, पण त्यांनी धरायचे चाक मोठे. पायाचा दाब तेवढाच ठेवला तर जमिनीवर मिळणारे रोधबल त्याच प्रमाणात कमी होते, शिवाय जड चाकाची गतीही मोडावी लागते.

कलंडण्याचे गणित

आता सर्वांत महत्त्वाचा भाग. दोन चाकांमधली रुंदी भागिले गुरुत्वमध्याच्या उंचीची दुप्पट, या आकड्याला स्थैर्यांक म्हणू. अमेरिकन सरकारची वाहतूक सुरक्षा संस्था २००१ सालच्या मॉडेलांपासून गाड्यांची कलंडण्याची शक्यता याच आकड्याच्या आधारे मांडत आली आहे. त्याचा अर्थ सोपा आहे. बाजूने बसणारी ओढ गुरुत्वाकर्षणाच्या तेवढ्या पटीत गेली की आतल्या बाजूची चाके जमीन सोडतात.

गणितापुरते समजू, चाकांमधली रुंदी ५६ इंच आणि गुरुत्वमध्य २६ इंचांवर. आकडा येतो १.०८. गुरुत्वमध्य तीन इंच वर नेला की ०.९७. सहा इंच लिफ्ट आणि तेहतीसचे टायर मिळून आठ इंच वर नेला तर ०.८२. आता कोरड्या डांबरावर टायरची पकड साधारण ०.७ ते ०.९ असते. स्थैर्यांक पकडीपेक्षा बराच मोठा असेल तर अचानक वळवलेली गाडी आधी घसरते. तो पकडीच्या खाली गेला तर गाडी घसरण्याआधी कलंडते. घसरलेली गाडी बहुतेक वेळा सावरता येते, कलंडलेली येत नाही. स्प्रिंगांच्या झुकण्यामुळे खरा आकडा याहून थोडा कमीच भरतो. रुंद रिंगांनी थोडी भरपाई होते, पण चाक फार बाहेर काढले तर बेअरिंगवर आणि स्टिअरिंगवर ताण येतो.

हे गणित चिरंजीवांनी स्वतः केले. उत्तर लिहून झाल्यावर पेन्सिल खाली ठेवून तो थोडा वेळ गप्प बसला. माझ्या दहा व्याख्यानांनी जे झाले नसते ते एका भागाकाराने झाले.

उंची द्यायची तर कशी?

टोयोटाच्या या मालिकेतल्या चारचाकी-शक्तीच्या पिकअपना १९८५ पर्यंत पुढेही सरळ आस आणि कमानपाटे असत. १९८६ पासून पुढची चाके स्वतंत्र झाली आणि स्प्रिंगच्या जागी पिळाची दांडी, म्हणजे टॉर्शन बार, आली. तिचा बोल्ट आवळला की पुढची बाजू वर येते, फुकटात. म्हणूनच तो मोह आवरावा लागतो. दांडी त्यामुळे अधिक कडक होत नाही, पण चाकाला खाली जायला उरलेली जागा कमी होते, चाकाकडे जाणाऱ्या दांड्यांचे सांधे तिरके होतात आणि गाडी खड्ड्यात आदळते. इंचभर ठीक, त्यापुढे नको. चार इंचांच्या किटमध्ये पुढचे डिफरन्शियल आणि खालचे आडवे तुळईसारखे भागही खाली सोडतात. त्यामुळे सांध्यांचे कोन वाचतात, पण पुढचे पोट जमिनीपासून जवळजवळ पूर्वीइतकेच राहते.

मागे अजूनही कमानपाटे आहेत. पाटे आणि आस यांच्यात ठोकळा घालणे हा स्वस्त उपाय, पण ठोकळा जितका उंच तितका आस जोर लावताना पिळवटतो. एकावर एक ठोकळे तर कधीच रचू नयेत. जास्तीचा एक पाटा घातला तर उंची मिळते, पण रिकामी गाडी उडते. सर्वांत चांगले म्हणजे पाट्यांचा नवा जुडगा. तीस वर्षांचे पाटे बसलेलेच असतात. नवे घातले की गेलेली उंची आपोआप परत येते.

आता त्या उताराची गोष्ट. या गाडीत मागच्या ब्रेकचा दाब ठरवणारा एक व्हॉल्व्ह असतो आणि तो एका काडीने मागच्या आसाला जोडलेला असतो. मागे माल भरला की चौकट खाली येते, काडी वर ढकलली जाते आणि मागच्या ब्रेकला अधिक दाब मिळतो. आधीच्या मालकाने तीन इंचांचे ठोकळे घातले, पण काडीची जागा बदलली नाही. व्हॉल्व्हला वाटत राहिले की गाडी रिकामीच आहे, नव्हे रिकाम्याहूनही हलकी आहे. त्याने मागचे ब्रेक जवळजवळ बंद केले. सगळे काम पुढच्या चाकांवर आले आणि ओल्या रस्त्यावर ती थांबली, म्हणजे नुसतीच फिरायची थांबली. सॉफ्टवेअरमध्ये एक ओळ बदलली की भलतीकडेच काहीतरी मोडते, हे आम्ही रोज पाहतो. लोखंडाचाही नियम तोच.

आम्ही काय केले

ठोकळे काढले. मागे नवे पाटे, चारही शॉकअब नवे. पुढचे झिजलेले बॉल जॉइंट, बुश आणि स्टिअरिंगची आयडलर आर्म बदलली. टॉर्शन बार इंचभर आवळला. टायर ३१×१०.५० आर १५, ऑल टेरेन. या मालिकेतल्या काही गाड्यांना हेच माप कारखान्यातून मिळत असे, म्हणून वेगळ्या लिफ्टची गरजच पडली नाही. या टायरला रिंग निदान सात इंच रुंद लागते, ती तपासून घेतली. नंतर चाकांचे अलाइनमेंट, हेडलाइटची दिशा, स्पीडोमीटर आणि तो व्हॉल्व्ह. नव्या मापाची विमा कंपनीला सूचना दिली आणि बंपरच्या उंचीचे नियम पाहिले. ते प्रत्येक राज्यात वेगळे आहेत. गिअर मात्र ४.१० चेच ठेवले. चढावर एक गिअर खाली घ्यावा लागतो, एवढेच.

शेवटी एका रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये पाणी साचलेले पाहून आम्ही वीस मैलांच्या वेगाने पुन्हा पुन्हा ब्रेक दाबून पाहिले. गाडी सरळ, चारही पायांवर बसल्यासारखी थांबली. उन्हाळ्यात तिने इंजिनियर पास ओलांडली. सुरुवातीला टायरची हवा थोडी कमी केली होती, परत डांबरावर आल्यावर ती भरून घेतली. खिंडीत आमच्या शेजारी एक खूप उंच, झगझगीत ट्रक उभा होता. चिरंजीवांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिले. मग खाली वाकून त्याच्या मागच्या आसाकडे बघत मला हळूच विचारले, "बाबा, यांनी ब्रेकची काडी बदलली असेल ना?"