तापल्या इंजिनावर पाणी

कला शाखेच्या वार्षिकांकात इंजिनावरचा लेख पाहून काही वाचकांना नवल वाटेल, याची मला कल्पना आहे. संपादक मंडळाने माझ्याकडे खरे तर कविता मागितली होती. परंतु कविता मला साधत नाही. आणि गेल्या वर्षी आमच्या घराची झोप उडविली ती बिडाच्या एका ठोकळ्याला गेलेल्या चार इंच लांबीच्या तड्याने. तेव्हा त्याविषयीच लिहितो.

माझे वडील सोनाळ्याला भाड्याची गाडी चालवतात. गाडी अँबॅसॅडर, १९९१ सालची, १४८९ सी.सी.च्या डिझेल इंजिनाची. मॉरिस ऑक्सफर्ड या इंग्लंडमधल्या मोटारीवरून ही गाडी घेतलेली. कलकत्त्याजवळ उत्तरपाडा येथे हिंदुस्थान मोटर्सच्या कारखान्यात ती तयार होत असे. २०१४ साली ते काम थांबले. आज रस्त्यावर नव्या गाड्यांना तोटा नाही, तरी वऱ्हाडातल्या काही हौशी मंडळींना नवरदेव मिरवायला अजून हीच गाडी लागते. लग्नसराईत बाबा जे मिळवतात त्यावर आमचे घर आणि माझे कॉलेज वर्षभर चालते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच.

मे महिन्यातली गोष्ट. शेगावहून लग्न आटोपून नवरा-नवरीला घेऊन येताना वरवट बकालच्या अलीकडे पंख्याचा पट्टा तुटला. बॉनेटमधून वाफ निघू लागली. बाबा एकाच्या मोटारसायकलवर बसून पट्टा आणायला गेले आणि जाताना मला बजावून गेले, “हात नोको लावू. तिले तिच्या मनानं थंडी होऊ दे.” पण ऊन मी म्हणत होते, मागच्या गाडीतली माणसे खोळंबली होती, नवरदेवाचे मामा आवाज चढवू लागले होते. मी टॉवेल धरून रेडिएटरचे झाकण उघडले (हे कोणीही करू नये, उकळते पाणी तोंडावर येते, माझा हात नशिबाने वाचला) आणि लग्नातल्या थंडगार पाण्याचा जार त्यात ओतला. आतून ‘कट्’ असा बारीक आवाज आला. त्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही.

घरी आल्यावर आईने सगळे ऐकून घेतले आणि एवढेच म्हणाली, “तापल्या तव्यावर कोनी पानी टाकते का बापा?” आई शाळेत गेलेली नाही. पण इंजिनाचा ठोकळा, ज्याला मिस्त्री लोक ‘ब्लॉक’ म्हणतात, आणि आईचा भाकरीचा तवा हे दोन्ही बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे. बिडात सुमारे तीन टक्के कार्बन असतो. तो धातूच्या पोटात पातळ पापुद्र्यांच्या रूपाने पसरलेला असतो. या पापुद्र्यांमुळे बीड ओतायला आणि कापायला सोपे जाते, दाबाला ते चांगले टिकते. परंतु ताण पडला की वाकत नाही, पापुद्र्यापापुद्र्याने उलते.

आता ताण आला कोठून? ब्लॉकमध्ये सिलिंडरांच्या भोवती पाणी खेळण्यासाठी पोकळी ठेवलेली असते. म्हणजे आत सिलिंडरांची जाड भिंत, मध्ये पाणी आणि बाहेर पातळ भिंत. मी थंड पाणी ओतले तेव्हा बाहेरची पातळ भिंत झटकन आकसू लागली. आतला जाड, तापलेला भाग मात्र फुगलेलाच होता. तो तिला आकसू देईना. शेवटी भिंत उलली. थंड देशांत याच भिंती उलट्या कारणाने फुटतात. तेथे रात्री पोकळीतले पाणी गोठते, गोठताना सुमारे ९ टक्क्यांनी फुगते आणि भिंत बाहेर रेटते. आमच्याकडे बर्फ नाही, पण मे महिना आहे.

मात्र सगळा दोष त्या जाराचा नव्हता, हे नंतर कळले. आमच्या संग्रामपूर तालुक्यातील बरीच गावे पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात येतात. सोनाळा सातपुड्याच्या पायथ्याशी आहे, पण गाडी फिरते खाली, आणि जेथे पाणी कमी झाले तेथल्या हातपंपाचे पाणी तिच्यात पडते. हे पाणी तापले की क्षारांचा थर पोकळीच्या भिंतींवर बसतो. आपल्या घरी पाणी तापवायच्या भांड्याला बसतो तसाच. या थरातून उष्णता नीट बाहेर जात नाही, शिवाय खाऱ्या पाण्याने बीड गंजून झिजते ते वेगळेच. ब्लॉक उघडला तेव्हा आतून मूठभर पांढरट-तांबूस खपल्या निघाल्या. (याच पट्ट्यात मूत्रपिंडाच्या विकाराचे रुग्ण वर्षानुवर्षे आढळत आले आहेत. तो प्रश्न इंजिनाहून फार मोठा आहे. कोणा जाणकाराने पुढच्या अंकात त्यावर जरूर लिहावे.)

पहिले काही दिवस कोणालाच तडा दिसला नाही. पाणी ठिबके, पण कोठून ते कळेना. कोणी म्हणाले नळी फुटली, कोणी म्हणाले हेडचे गॅस्केट गेले. एकाने रेडिएटरमध्ये हळद टाकायला सांगितली. हा उपाय हसण्यासारखा नाही. बारीक छिद्र हळदीने बुजते आणि गाडी घरापर्यंत येते. पण बुजवणे आणि दुरुस्त करणे यांत फरक आहे. आमची हळद दोन दिवस टिकली.

शेवटी गाडी बांधून अकोटला एका वयस्कर मिस्त्रींकडे नेली. त्यांना सगळे चाचाच म्हणतात. त्यांनी ब्लॉक घासूनपुसून स्वच्छ केला, त्यावर रॉकेल फिरवले, थोड्या वेळाने कोरड्या फडक्याने पुसून काढले आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, “कॉलेजात खडू असन ना बाबू?” खडू मी जवळच्या दुकानातून आणला. खडूची पूड भिंतीवर चोळली. तड्यात शिरलेले रॉकेल हळूहळू पुडीत उतरले आणि पांढऱ्यावर एक काळपट, नागमोडी रेघ उमटली. ती पाहताना बाबा काही बोलले नाहीत. मीही नाही.

जुना ब्लॉक भंगारातून मिळाला असता. परंतु इंजिनाचा क्रमांक गाडीच्या नोंदणी पुस्तकात असतो, तो बदलला की परिवहन कार्यालयात नोंद बदलून घ्यावी लागते. आणि भंगारातला ब्लॉक तडकलेला नसेल याची खात्री कोण देणार? वेल्डिंगला चाचा तयार नव्हते. “मारून देनारे लय भेटतीन, पन मंग बाजूनं फाटीन.” त्यांचे म्हणणे शास्त्राला धरून होते. वेल्डिंगच्या जागी बीड वितळते, शेजारचा भाग गार असतो. निवताना जोडाच्या कडेचे बीड काचेसारखे कडक होते आणि पुन्हा तोच ताण. ते टाळायचे तर आख्खा ब्लॉक आधी ५०० ते ६०० अंशांपर्यंत तापवावा, निकेलच्या कांडीने इंच-इंच जोडत जावे, ठोकत जावे आणि मग राखेत किंवा चुन्यात पुरून सावकाश निवू द्यावा. हे अशक्य नाही. १९१७ साली अमेरिका युद्धात उतरली तेव्हा तिच्या बंदरांत अडकलेल्या जर्मन जहाजांवरील खलाशांनी इंजिनांची बिडाची सिलिंडरे फोडून ठेवली होती. अमेरिकन नौदलाने त्यांतली कित्येक विजेच्या वेल्डिंगने जोडली आणि तीच जहाजे सैन्य वाहायला लावली. पण ते आरमार होते. येथे एक टिनाचे शेड.

चाचांनी ब्लॉक शिवला. ‘शिवला’ हाच शब्द कारागीर वापरतात. तड्याच्या दोन्ही टोकांना आधी एकेक बारीक भोक पाडले, कारण तड्याचे टोक अणकुचीदार असते आणि सगळा ताण तेथे एकवटतो. गोल भोकात तो पांगतो व तडा पुढे सरकत नाही. मग रेघेवर पाव इंची भोक, त्यात आटे, आटे पाडलेला तांब्याचा तुकडा घट्ट पिळून बसवायचा आणि कापायचा. पुढचे भोक असे की पहिल्या तुकड्याचा तिसरा हिस्सा त्यात यावा. त्यामुळे तुकडे एकमेकांना धरून राहतात. असे २५ तुकडे बसले. वरून हलक्या हातोडीने ठोकून कानशीने साफ केले. आग कोठेच नाही, त्यामुळे नवा ताणही नाही. तडा सिलिंडरच्या आत असता तर ही शिवण चालली नसती. लेथवर बोअर मोठा करून आत नळी, म्हणजे स्लीव्ह बसवावी लागली असती, आणि तो खर्च आम्हाला झेपला नसता. याही कामाला माझ्या दोन सत्रांची फी गेली. ती नंतर बाबांनी कशी भरली ते मला विचारू देत नाहीत.

पोकळीची तोंडे बंद करून आत हवा भरली, शिवणीवर साबणाचा फेस लावला. चाचा, बाबा आणि मी तिघेही त्या फेसाकडे बघत बसलो. एकही बुडबुडा आला नाही.

तुळशीच्या लग्नानंतर गाडी पुन्हा सुरू झाली. आता तिच्यात कूलंट आणि पत्र्यावरून धरलेले पावसाचे पाणी असते, आणि त्याचा एक डबा डिकीत. रेडिएटरचे झाकण मात्र बाबा अजून मला उघडू देत नाहीत.