पिशवी काढली, कंबर दुखतेच आहे

दिवाळी सरली की बारामती-इंदापूरच्या शिवारात कोप्या उभ्या राहतात. सोमेश्वर, माळेगाव, भवानीनगरचा छत्रपती, या कारखान्यांना लागणारा ऊस तोडायला बीडकडची माणसं येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. तो तोडतो, ती मोळी बांधून डोक्यावर घेते आणि गाडीत चढवते. एक दिवस चुकला की खाडा, म्हणजे दंड. मग अंगावरून पांढरं जात असलं, ओटीपोट दुखत असलं, तरी हंगाम संपेपर्यंत ती गप्प राहते.

पांढरं जाणं प्रत्येक वेळी आजार नसतो. पण त्याला वास येऊ लागला, सोबत ताप किंवा ओटीपोटात कळ आली, तर आत दाह सुरू झाल्याची शंका घ्यावी. गर्भाशयाच्या तोंडाशी एरवी घट्ट स्राव बुचासारखा असतो. पाळीत ही अडवणूक सैल होते. फडात पाणी नाही, आडोसा नाही, एकच कापड दिवसभर. संसर्गाला याहून सोयीचं काय असणार? जंतू वर चढले की शरीर पांढऱ्या पेशी धाडतं, त्या जागी रक्त वाढतं, सूज येते. ही खरं तर दुरुस्तीची धडपड. मात्र ती पुन्हा पुन्हा करावी लागली की गर्भनलिकेत व्रण राहतात, नलिका चिकटते. मग दिवस राहत नाहीत, किंवा गर्भ नलिकेतच रुजून जीव धोक्यात येतो.

वेळेवर गाठलं तर उपाय गोळ्यांचा आहे: साधारण 14 दिवसांची प्रतिजैविकं, आणि संसर्ग संबंधातून आला असेल तर नवऱ्यालाही औषध. डॉ. राणी आणि अभय बंग यांनी 1989 मध्येच ‘लॅन्सेट’मधून दाखवलं होतं, की गडचिरोलीतल्या दोन गावांत तपासलेल्या 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होता आणि पूर्वी तपासणी झालेल्या होत्या अवघ्या 8 टक्के.

तीस वर्षांनी, 2019 मध्ये, या स्त्रियांच्या गर्भपिशवीच्या ऑपरेशनांची चौकशी करणाऱ्या डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढे बीडमधल्या सुमारे 82 हजार ऊसतोड स्त्रियांची माहिती आली. 13 हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली होती. हा आकडा मला अजून सहन होत नाही. कॅन्सरची भीती घालून, पाळीचा खाडा टळेल म्हणून, उचल घेऊन ही ऑपरेशनं झाली. मोळीच्या ओझ्याने दुखणारी कंबर पिशवी काढून बरी होत नाही. सोबत अंडाशयंही काढली असतील तर इस्ट्रोजेन एकाएकी आटतं, हाडं ठिसूळ होत जातात आणि तिशीतच म्हातारपणाची दुखणी लागतात.

साखर आपली, तर ही बाईही आपलीच. यंदा ज्यांच्या फडात तोड येईल त्यांनी बोअरचं पाणी आणि घरचं शौचालय तिला खुलं करावं. आणि बाई, तुला कुणी पिशवी काढायला सांगितली असेल, तर बारामतीत सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. आधी तिथल्या स्त्रीरोगतज्ज्ञाला दाखव, मगच ठरव.