चक्की हवी, पण घराच्या डोक्यावर नको

15 जून हा जागतिक पवन दिन. त्या दिवशी मेगावॅटचे आकडे सगळीकडे वाचायला मिळतात. आपण सिंधुदुर्गातल्या शिरोड्यात एखाद्या स्लॅबच्या घराच्या गच्चीवर जाऊ.

मे 2021 मध्ये तौक्ते वादळात सिंधुदुर्गातली कित्येक गावं दिवसचे दिवस अंधारात होती. तेव्हापासून घरच्या विजेची गोष्ट निघाली की सोलरपाठोपाठ छोट्या पवनचक्कीचंही नाव निघतं. विचार उत्तम आहे. पावसाळ्यात पॅनेलवर ढग असतात आणि नेमका तेव्हाच वारा उधाणलेला असतो. इथली मिठागरंसुद्धा ऊन आणि वारा यांच्याच जिवावर चालतात. माझा आक्षेप फक्त चक्की गच्चीला ठोकण्यावर आहे.

दोन मीटर व्यासाची चक्की मिनिटाला 400 फेरे घेते तेव्हा पात्याचं टोक ताशी 150 किलोमीटरने हवा कापत असतं. त्या सूं-सूं आवाजावर इलाज आहे: टोकाचा वेग वीस टक्क्यांनी उतरवला की आवाज साधारण 5 डेसिबलने उतरतो. थोडी वीज जाते, जाऊ द्यावी.

खरा त्रास खांबातून खाली उतरतो. पात्यांचं वजन तंतोतंत सारखं कधीच नसतं, त्यात समुद्रावरचं मीठ पात्यांवर कमी-जास्त चिकटतं. त्यामुळे प्रत्येक फेऱ्याला खांबाला हिसका बसतो. शिवाय गच्चीच्या कठड्यावरून उसळणारा वारा सरळ येत नाही, भोवरे घेऊन येतो, आणि एकेक पातं त्यात वेगळा मार खातं. खाली स्लॅब मृदंगाच्या पुडीसारखा ताणलेला. गच्चीवर फारसं काही ऐकू येत नाही आणि खालच्या खोलीत मात्र उशीला कान लावला की गों-गों सुरू. सकाळी गडग्यापलीकडून विचारणा होणारच, ‘रातभर कसलो आवाज येय होतो?’

‘खाली रबर टाकून देऊ,’ असं बसवणारे सांगतात. इथे थोडं गणित करावंच लागेल. चक्कीच्या वजनाने रबर 10 मिलिमीटर दबलं, तर त्याची स्वतःची झुलण्याची गती सेकंदाला सुमारे 5 वेळा. तीन पात्यांची चक्की 300 फेऱ्यांवर असली, तर पाती खांबासमोरून जाण्याचे धक्के सेकंदाला 15. ते रबर छान अडवतं, जेमतेम आठवा हिस्सा खाली जातो. पण असमतोलाचा हिसका त्याच वेळी सेकंदाला 5, म्हणजे बरोबर रबराच्या गतीवर! तिथे रबर हिसका वाढवतं. साधारण सव्वाचारशे फेऱ्यांच्या वर गेल्यावरच ते हाही हिसका अडवू लागतं. शिरोड्याचा वारा दिवसभर वर-खाली होत राहणार, म्हणजे चक्की त्या नेमक्या वेगावर पुन्हा पुन्हा येणार. मऊ रबर, त्यावर जड काँक्रीटचा ठोकळा आणि या जोडीच्या स्वतःच्या गतीजवळ चक्कीला रेंगाळू न देणारा कंट्रोलर, हे तिन्ही एकत्र असेल तरच उपयोग.

तक्रार करायची तर नियमही तोकडे पडतात. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी रात्रीची मर्यादा 45 डेसिबल आहे, पण ती ज्या ए-मापात मोजतात त्यात 20 हर्ट्झचा आवाज जवळपास 50 डेसिबलने कमी धरला जातो. घुमणारा आवाज मीटरला दिसतच नाही.

इंग्लंडमध्ये वॉरिक चाचण्यांत 26 चक्क्या इमारतींवर बसवून पाहिल्या. 2009च्या अहवालानुसार सर्वांत चांगली वीज देणाऱ्या चक्क्या उंच इमारतींवर होत्या, आणि रहिवाशांच्या आवाजाच्या तक्रारींमुळे त्याच बहुतांश काळ बंद ठेवाव्या लागल्या.

देवगडच्या पवनचक्क्या स्वतःच्या पायावर जमिनीत उभ्या आहेत. परड्यातही तसंच करावं: घरापासून दूर वेगळा पाया, वेगळा मनोरा, आणि पाती आसपासच्या माडांच्या शेंड्यांहून निदान 9-10 मीटर वर. खर्च वाढतो, हे खरं. पण तिथे वारा सरळ मिळतो, त्यामुळे आवाज घटतो आणि वीजही वाढते. मंगलोरी कौलांच्या घरावर तर चक्कीचा विचारच करू नये. रिपांवर नुसती ठेवलेली कौलं कंपनाने सरकतात आणि पहिल्याच पावसात घर गळतं.

तरीही गच्चीवरच बसवायची असेल, तर आगाऊ रक्कम देण्यापूर्वी दोन आकडे लेखी मागा: चक्की किती ते किती फेऱ्यांत चालते, आणि तिच्या वजनाखाली रबर किती मिलिमीटर दबतं.